बोटं बघणारे भिंगनाना

भिंगनाना चष्मा करून देण्याआधी डोळा बघत नसत, हात बघत. कासार बांगड्या भरायला घेतो तसा पोराचा हात धरायचा, बोटांची पेरं उजेडात फिरवायची आणि विचारायचं, "डोळं कुठल्या हातानं चोळतोस रं?" नवख्या माणसाला वाटायचं, इथं चष्मे नाही, भविष्य मिळतं. कापूरहोळच्या फाट्यावर, पंक्चरवाल्याला लागून त्यांचं एवढंसं पत्र्याचं दुकान. पाटीवर नाव वेगळंच होतं, पण लोक त्यांना भिंगनानाच म्हणत.

मी पासली गावची. घरी शेरडं, भाताची खाचरं आणि दर शिमग्याला येणारी माझी डोळ्यांची खाज. डोळे लालभडक, कोपऱ्यात चिकट तार, उजेड सोसत नसे. गाव म्हणे, "हिचं डोळं आल्यात." मग शाळेत वेगळी जागा, घरी वेगळा टॉवेल. आलेले डोळे आठवड्यात जातात, माझे पावसाळ्यापर्यंत मुक्कामाला कसे, हे कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच. मला चोळण्यातून सवड नव्हती. त्यातलं सुख ज्याला खाज आहे त्यालाच ठाऊक. मेडिकलमधल्या थेंबांच्या एका बाटलीनं बरं वाटायचं, म्हणून संपली की आई परत तीच आणायची.

सहावीत फळा दिसेना. दुसरीकडून केलेले दोन चष्मे वर्षात बाद झाले, तेव्हा माझे वडील, आबा, मला दोन एसट्या बदलून नानांकडे घेऊन गेले. नानांनी चोळून चोळून खरखरीत झालेली माझी पेरं बघितली, घरी डोळ्यात काय घालता ते विचारलं आणि आधीच्या नंबरांचे कागद मागून शेजारी शेजारी मांडले. "आडवा नंबर सालात तिप्पट झालाय. का?" हा 'का' त्यांना चहासारखा लागायचा. शेजारचा पंक्चरवाला वैतागून म्हणायचा, "खिळा घुसला तर ह्ये इचारत्यात, कुठल्या गावचा!"

मग त्यांनी पुठ्ठ्याची एक चकती काढली. तिच्यावर एकात एक काळी वर्तुळं रंगवलेली, मधोमध भोक. डोळ्यांच्या शिबिरात एका डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून भंडावल्यावर त्यांना ही युक्ती कळली होती. दाराकडे पाठ करून त्यांनी मला बसवलं, चकती डोळ्यासमोर धरली आणि भोकातून बराच वेळ बघितलं. मग आबांना बोलावलं. "बघा, चकतीचं रूप डोळ्यात पडतंय. चांगल्या डोळ्यात गोल दिसतं. हिचं?"

"अंड्यागत," आबा हळूच म्हणाले. "खाली वढल्यावानी."

"म्हणून चष्मा देनार न्हाई."

आबा भडकले. "मग दुकान कशाला मांडलंय?"

नाना उठले आणि शेजारून एक जुनी ट्यूब हवा भरून घेऊन आले. एका जागी तिला गाठोड्यासारखा फुगा आला होता. "हवा सगळीकडं सारखीच हाय. पर रबर जिथं झिजलं, तिथंच फुगलं. बुबुळावरची काचबी मऊ अस्ती. खाजंपायी पोरगी रोज रगाडती, काच पातळ व्हती अन् फुगती. भिंग बदलून फुगा बसत न्हाई. ह्याच आठवड्यात पुण्याला न्या. ती बाटलीबी डाक्टरला दावा. मनानं घालू नका, डोळ्यातला दाब वाढतो."

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी वरची पापणी उलटून बघितली. आत खडबडीत दाणे होते, तेही काचेला घासत होते. ही ॲलर्जी आहे, दुसऱ्याला लागण होणारी नाही, असं त्या म्हणाल्या तेव्हा आबांनी खाली बघितलं. डाव्या डोळ्यात पिवळं औषध घालून, किरण सोडून काच घट्ट केली. उजव्याचं दुखणं त्याच्या पुढे गेलं होतं. त्याला कडक लेन्स लागली. खाजेवर औषध मिळालंच, पण सर्वांत अवघड पथ्य एकच, चोळायचं नाही. मी कित्येक दुपारी थंड पाण्याची पट्टी डोळ्यांवर ठेवून हात मांड्यांखाली दाबून बसले आहे.

दोन वर्षांनी नंबर थांबल्याचं सांगायला आम्ही नानांकडे गेलो. शाबासकी राहिली बाजूला, उलटतपासणीच सुरू झाली. कवापास्नं थांबला? शिमग्यात खाज किती व्हती? इतक्यात त्यांची मुलगी शालनताई चहा घेऊन आली. कप ठेवण्याआधी तिनं टेबलाची कड बोटानं चाचपली. मी बघतेय हे नानांनी बघितलं.

"हिला म्या तीन सालात पाच चष्मं केलं," ते म्हणाले. "दरयेळी आदल्यापरास भारी. लई कौतुकानं केलं. नंबर का पळतोय, त्ये तवा इचारलं न्हाई."

माझा चहा तसाच निवला.

गेल्या वर्षी नाना वारल्याचं कळलं, तेव्हा मी एकटीच गेले. मला खूप बोलायचं होतं, पण दारातच रडू फुटलं. शालनताईनं आवाजावरून ओळखलं. तिनं मला उजेडात नेलं, दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला आणि आपलं नाक माझ्या नाकाला लागेल इतकी जवळ येऊन माझ्या डाव्या डोळ्यात कितीतरी वेळ बघत राहिली.

"वाचला की गं," ती म्हणाली.