तिसऱ्या डावातली मिठी

व्हर्नन टिल्टन एकतीस वर्षांचा होता आणि आमच्या संघात सगळे त्याला म्हातारा म्हणत. अकरा वर्षं तो बेसबॉलच्या दुय्यम संघांतून पिचर म्हणून, म्हणजे चेंडू टाकणारा म्हणून, राबत होता. वरच्या, खऱ्या लीगमध्ये त्याने एक चेंडूसुद्धा टाकलेला नव्हता. मी सरावातला कॅचर. रोज त्याचे पन्नास-साठ चेंडू झेलायचे, एवढंच माझं काम. त्याचा चेंडू वेगवान नव्हता, पण मी हातमोजा जिथे धरीन तिथे बरोबर यायचा. हल्ली अशा अचूकपणाची कदर कुणालाच नाही. सगळ्यांना वेगाचं वेड लागलंय, आणि त्या वेडापायी पोरं विशीतच कोपराचं ऑपरेशन करून घेतात.

आमच्या वरच्या संघात जायला व्हर्ननच्या पुढे आठ पिचर रांगेत होते, सगळे नुकतं मिसरूड फुटलेले. त्यामुळे त्याची सगळी भिस्त संघासंघांतल्या खेळाडूंच्या अदलाबदलीवर होती. दुसऱ्या एका संघाचे तीन पिचर जायबंदी झाले होते आणि ते व्हर्ननची चौकशी करतायत, असं त्याच्या एजंटने सांगितलं होतं. अदलाबदलीची मुदत एकतीस जुलै, संध्याकाळी पाच. यंदा जमलं नाही तर खेळ सोडून नेब्रास्काला घरी परत येईन, असा शब्द त्याने बायकोला, लॉर्नाला, दिला होता.

एकतीसला आमचा सामना दुपारचा होता.

"फारच हताश दिसतोय का रे मी?" हात गरम करताना त्याने विचारलं.

"हताश नाही, पोट साफ न झाल्यासारखा दिसतोयस."

"हसू नकोस. मला दुसरं काही येत नाही, लेका. काहीच येत नाही."

मी चेंडू परत फेकला.

आमच्यात एक रीत आहे. मुदतीच्या दिवशी धडधाकट खेळाडूला मध्येच बाहेर बोलावलं, की समजायचं त्याची अदलाबदल झाली. कुणी काही विचारत नाही. डगआउटमधले, म्हणजे मैदानाकडेच्या बाकांवरचे, सगळे उठून त्याला मिठी मारतात.

व्हर्ननने सुरुवातीपासून ओळीने सात जण बाद केले. तिसरा डाव अर्धवट असताना आमचे प्रशिक्षक हॅलोरन यांना वरून निरोप आला. ते मैदानात गेले आणि त्यांनी त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला.

पहिली मिठी मी मारली. माझा ऊरच भरून आला होता. मग सगळे त्याच्यावर तुटून पडले, कुणीतरी त्याला उचललं. तो उघड उघड रडत होता. मी त्याच्याबरोबर आत गेलो. त्याने लॉर्नाला फोन लावला. "झालं गं. घेतलं मला," एवढंच म्हणाला.

फोन ठेवतोय तोच हॅलोरन आत आले.

"कुठल्या गावाला, कोच?" व्हर्ननने डोळे पुसत विचारलं.

"कुठल्याच नाही. अदलाबदल झाली, पण तुझी नाही. दोन पोरं येतायत आपल्याकडे, त्यांना जागा हवी. तुला संघातून मोकळं केलंय."

"मग डाव तरी पुरा करू द्यायचा होता."

"आत्ताच काढा म्हणाले. हात दुखावला असता, तर तुला ठेवून घ्यावं लागलं असतं."

व्हर्नन बाकावर बसला. हॅलोरन त्याच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. मला त्यांचं नरडं धरावंसं वाटत होतं, आणि त्याहून जास्त स्वतःचं.

फोन वाजला. त्याने तो वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. लॉर्नाचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अरे, गाव कुठलं ते सांगितलंच नाहीस. बाबांनी गाडी काढलीय, आम्ही सगळे निघतोय. कुठे यायचं?"

व्हर्ननने फोन माझ्यासमोर धरला.

"तू सांग," तो म्हणाला. "मिठी तू मारलीस."