निळ्या पट्टीची सावली

शेळगावची मोनाली चार वर्षं लोणी देवकरच्या एका कारखान्यात छोट्या स्क्रीन तपासायच्या कामाला होती. नोकरी सोडून इंदापुरात दुरुस्तीचं दुकान टाकते म्हणाली, तेव्हा वडील भानुदास दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आपणहून हातोडी घेऊन फळ्या ठोकायला हजर झाले. पुढच्या सहा वर्षांत दुकानाचा असा जम बसला, की बारामतीहूनही लोक स्मार्टवॉच घेऊन यायला लागले.

एका सकाळी निरवांगीचे रामहरी आले. ते एका कंपनीच्या फाटकावर वॉचमन होते. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी काउंटरवर ठेवलं.

"पोरी, एवढा डाग काढून दे. पुसून पुसून बोटं दुखली."

स्क्रीनच्या वरच्या बाजूला कंपनीच्या नावाची निळी आडवी पट्टी कायम असायची, तिचीच सावली उमटली होती. स्क्रीनवर दुसरं काहीही लावलं तरी ती मागून डोकावायचीच.

"काका, ह्ये पुसून जायचं न्हाय. डाग न्हाय हा, झीज हाय."

रामहरी स्टुलावर बसले. "आमचे मोहनरावसाहेब म्हणत्यात, मी रानात उन्हात टाकलं म्हणून बिघडलं. कंपनीनं बावीस जणांस्नी घड्याळं दिली, तुझंच कसं खराब झालं, चूक माझी म्हणून लेखी दे म्हणत्यात. इतकी वर्सं फाटकावर काढली, असं कुणी बोललं न्हवतं."

मोनालीनं शटर ओढलं. "चला. बाकीच्यांची बी बघू."

दुपारी पाळी बदलताना ते कंपनीत पोचले. सुरक्षेचे प्रमुख मोहनराव आधी गुरकावलेच. पण मोनाली हटली नाही. "मी अशाच स्क्रीन तपासायचे, साहेब. पाचच मिनिटं द्या."

हजर असलेल्यांची मिळून चौदा घड्याळं टेबलावर आली. तिनं प्रत्येकावर कोरं राखाडी चित्र लावलं. चौदाही घड्याळांवर तीच पट्टी, त्याच जागी! ऑफिसात बसणाऱ्यांची फिकट, फाटकावरच्यांची गडद.

"साहेब, चौदा माणसांनी एकच चूक एकाच जागी कशी केली?"

मोहनराव वाकून बघत राहिले.

"ह्यातला एकेक ठिपका स्वतः उजेड देतो आणि देता देता झिजतो. निळा लवकर झिजतो. तुमची निळी पट्टी वर्षभर हलली न्हाय. फाटकावर ऊन, म्हणून तिथं स्क्रीनचा उजेड पुरा वाढवलेला. काकांचं आधी दिसलं, एवढंच."

"ती पट्टी मीच लावायला सांगितली होती," मोहनराव सावकाश म्हणाले. "चूक माझी, रामहरी."

रामहरी ताठ उभे होते. "मग तेवढं लिहून द्या, साहेब."

आणि मोहनरावांनी तिथंच, सगळ्यांसमोर लिहून दिलं.

मोनालीनं पट्टी काढली, उजेड कमी केला, हात खाली गेला की स्क्रीन झोपेल असं केलं. झालेली झीज भरून येणार नव्हती, पुढची मात्र मंदावणार होती.

"आता किती वर्षं चालतील?" मोहनरावांनी विचारलं.

"आकडा सांगितला तर ती थाप व्हईल. दर सहा महिन्यांनी तपासू."

तेव्हापासून त्या कंपनीची नवी घड्याळं वाटपाआधी तिच्या दुकानात येतात. हात लावायच्या आधी ती विचारते, "दिवसभर ह्याच्यावर काय दाखवणार हाय?"