काटा मैदानाचं बारसं

प्रत्येक शहराच्या आयुष्यात असा एक क्षण येतो, की त्यानंतर ते शहर पूर्वीचं राहत नाही. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या आयुष्यात तो क्षण एका मंगळवारी दुपारी आला. देशातल्या मोठमोठ्या स्टेडियमांना असतं तसं कंपनीचं नाव आमच्या मैदानाला मिळालं. त्या प्रसंगी मी जातीनं हजर होतो. आणखी चार जण हजर होते. त्यांतले दोघं शिडी धरून होते.

आमचं मैदान हे स्टेडियम आहे, कारण त्याच्या एका बाजूला सात पायऱ्या आहेत. उरलेल्या तीन बाजूंना प्रेक्षक आपापल्या मोटरसायकलींवर बसतात. फाटकाशी पूर्वी ट्रक तोलायचा वजनकाटा होता. राइस मिलला जाणारं धान तिथं तोललं जाई. काटा उखडून नेल्याला वीसेक वर्षं झाली, आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. पण मैदानाला लोक काटा मैदान म्हणतात. कागदोपत्री त्याला एका थोर माणसाचंही नाव आहे. ते मला ठाऊक आहे, कारण मी जिल्हा कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केली. दुसऱ्या कोणाला ते ठाऊक असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दरवर्षी धान निघालं की इथं तीन दिवसांचे कबड्डीचे सामने होतात. गेली काही वर्षं त्यांत नागपूर, गोंदिया, भंडाऱ्याचे, पैसे घेऊन खेळणारे खेळाडू येतात. या व्यावसायिक खेळाडूंनी मातीत खेळायला नकार दिला. त्यांना मॅट हवी. मॅटसाठी आमची समिती दारोदार हिंडली आणि शेवटी पाण्याच्या टाक्या करणारी एक कंपनी सापडली. ती मॅट देणार, बदल्यात मैदानाला तिचं नाव. नावाच्या शेवटी ‘अरेना’ असा शब्द होता. पूर्ण नाव मी इथं लिहीत नाही. या लेखासाठी त्यांनी मला काही दिलेलं नाही.

करार मी लिहिला. आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी झाली असल्यानं कोणताही कागद लिहायचा असला की लोक माझ्याकडं येतात. कंपनीचा नागपूरचा प्रतिनिधी, तिशीतला एक गोड बोलणारा माणूस, समोर बसून सांगत होता आणि मी कलमं पाडत होतो. सातवं कलम त्याच्या आग्रहाचं: माईकवरून जेव्हा जेव्हा मैदानाचा उल्लेख होईल, तेव्हा तेव्हा त्याचं पूर्ण नाव घेतलं जाईल. मला त्यात वावगं दिसलं नाही. माईक कोणाच्या हातात असतो, याचा मी विचार करायला हवा होता.

माईक माझ्या साडूंच्या हातात असतो. साडू शाळेत पी.टी. शिकवत. निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली, पण कबड्डीचं धावतं वर्णन ते तीस वर्षं करत आले आहेत. घरी त्यांचं कोणी ऐकत नाही. हे मी म्हणत नाही, माझ्या बायकोची मोठी बहीण, म्हणजे त्यांची पत्नी, म्हणते. वर्षातले तीनशे बासष्ट दिवस ते गप्प असतात आणि उरलेले तीन दिवस भोंग्यांवरून निम्मं शहर त्यांचं ऐकतं. त्या तीन दिवसांसाठी ते दिवाळीपासून गरम पाणी पितात.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. एखादी पकड किंवा चढाई आवडली, की प्रेक्षक चिठ्ठी आणि एक्कावन्न रुपये मंचावर पाठवतो. साडू खेळाडूला बक्षीस जाहीर करतात आणि देणाऱ्याचं नाव, गाव, असल्यास दुकान, खणखणीत आवाजात वाचतात. एक चिठ्ठी, एकदा नाव. हा साडूंचा कायदा. परसवाड्याचा एक शेतकरी मागं त्यांना म्हणाला होता, “गुरुजी, माह्या सासऱ्यानं आयकलं नाही, अजून येक डाव घ्या ना नाव.” साडूंनी त्याला शांतपणे उत्तर दिलं होतं, “दुसरी चिठ्ठी पाठव.” त्यानं पाठवली. सासऱ्यानं ऐकलं.

पहिल्या दिवशी उद्घाटनाला साडूंनी कंपनीचं नाव घेतलं. पूर्ण घेतलं, ‘अरेना’सकट, आभार मानले, लोकांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. मग गळा साफ करून म्हणाले, “तर मंडळी, काटा मैदानावर आज पहिला सामना…”

त्यानंतर दिवसभर कंपनीचं नाव आलं नाही. प्रतिनिधी पायऱ्यांवर वही घेऊन बसला होता. काटा मैदान असं एकेचाळीस वेळा म्हटलं गेल्याची नोंद त्यानं केली आणि संध्याकाळी ती माझ्यापुढं ठेवली. आम्ही साडूंकडं गेलो. ते मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होते.

“काका,” प्रतिनिधी म्हणाला, “कंपनीचं नाव घ्या ना. प्लीज.”

“घेतलं ना सकाळी.”

“एकदाच घेतलं काका.”

“मंग? मॅट किती दिल्या तुमी?”

“एक.”

“झालं तं मंग.”

प्रतिनिधीनं माझ्याकडं पाहिलं. मी साडूंना सातवं कलम समजावून सांगितलं. ते म्हणाले, “साडूभाऊ, उद्या किरनापूर गावचा कोनी म्हनन, मी एक्कावन दिले, माहं नाव दिवसभर घ्या. त्याले काय सांगू मी? याची मॅट मोठी अन त्याचे पैसे खोटे?”

याचं उत्तर कोणत्या कलमात बसेल, ते मी शोधू लागलो. प्रतिनिधीकडं ते तयार होतं. त्यानं नागपूरला फोन लावला आणि फोन ठेवून जरा खाली बघत म्हणाला, “काका, बुरा मत मानना. मोठे साहेब परवा फायनलले येऊन राह्यले. उद्याही नाव नाही आलं, तर ते नागपूरहून आपला ॲनाउन्सर घेऊन येतील. फायनल तोच करेल. और अगले साल से भी वही.”

साडूंनी गुळणी टाकली. आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, “भाऊजी, त्यायले म्हना, माइक यायच्यापाशीच राहू द्या. माइक गेला तं हे वर्षभर घरातच बोलतीन.”

रात्री माझ्याकडून कराराची प्रत मागवून घेऊन साडूंनी ती वाचली, असं मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मैदानाचा उल्लेखच केला नाही. काटा मैदान नाही, अरेनाही नाही. “आपण आता ज्या जागी उभे आहोत, त्या जागी” इथून सुरुवात झाली. दुपारपर्यंत “जिथं मागच्या साली गोंदियावर लोण चढला होता तिथं” आणि “सात पायऱ्यांच्या समोर” असे प्रयोग आले. एक पाण्याचा टँकर आला, तेव्हा त्याच्या ड्रायव्हरला त्यांनी सांगितलं, “टँकर आत घ्या. कशाच्या आत, ते तुमाले दिसूनच राह्यलं.” लोकांना मजा येऊ लागली. ते आता नुसती कबड्डी बघत नव्हते, साडू कुठं अडकतात हेही बघत होते. साडू अडकले नाहीत.

संध्याकाळी प्रतिनिधीच्या वहीत दोन्ही नावांचे रकाने कोरे होते. तो माझ्याकडं आला. मी सातवं कलम पुन्हा वाचलं. उल्लेख होईल तेव्हा पूर्ण नाव. उल्लेख झालाच नव्हता. भंग कुठंच दिसत नव्हता.

“सर, तुम्ही कंपनीच्या बाजूनं आहात की काकांच्या?”

“मी कलमाच्या बाजूनं आहे,” मी म्हणालो. नोकरीत हे वाक्य मला फार उपयोगी पडलं होतं. त्याला ते आवडलं नाही. त्यानं नागपूरला फोन केला.

तिसऱ्या दिवशी साडू इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. मंचावर बसल्यावर त्यांनी माईकवर रुमाल फिरवला. एरवी ते हे करत नाहीत. “मालगाडीसारखा आवाज होता माहा,” ते मला म्हणाले. होता, असं म्हणाले. आमच्या नात्यात सांत्वनाची पद्धत नाही.

फायनल चारला होती. दिवस मावळायच्या आत संपवायची, कारण दिव्यांसाठी अजून कोणाचं नाव मिळालेलं नव्हतं. मोठे साहेब आणि त्यांचा ॲनाउन्सर एकाच गाडीनं निघाले होते. सव्वातीनला त्यांनी वाटेतलं राजेगाव ओलांडल्याचा फोन आला. चारला ते बालाघाटात होते. साडेचारलाही ते बालाघाटातच होते, फक्त मैदानात नव्हते.

झालं असं, की साहेबांनी चौकात गाडी थांबवून मैदानाचं नाव विचारलं. नवं, पूर्ण, ‘अरेना’सकट. पानठेलेवाल्यानं विचारलं, कोणत्या गावात? रिक्षावाल्यानं सांगितलं, ते गोंदियाला असेल, तुम्ही मागं टाकून आलात. एका सज्जनानं त्यांना विश्रामगृहापर्यंत पोचवलं, कारण गाडीतली माणसं त्याला सरकारी वाटली. मोबाइलच्या नकाशात ते नाव टाकायचं कंपनीकडूनच राहून गेलं होतं. प्रतिनिधी फोनवर सांगत होता, “सर, अरेना पूछिए, अरेना!” आणि साहेब सांगत होते, की ते तेच विचारत आहेत. मग त्यांचा फोनही लागेनासा झाला.

दोन्ही संघ अंग गरम करून करून थंड पडले. प्रतिनिधी घामाघूम होऊन मंचावर चढला. भोंगे पार चौकापर्यंत बांधलेले होते, हे त्याला आठवलं होतं.

“काका, साहेब भटक रहे हैं. माईकवरून रस्ता सांगा.”

साडूंनी माईकवर हात ठेवला आणि म्हणाले, “चिठ्ठी.”

“काका!”

“चिठ्ठी देल्याशिवाय मी कोनाचं काही वाचत नाही. तीस साल झाले.”

प्रतिनिधीनं वहीचं पान फाडलं, गुडघ्यावर ठेवून भराभर लिहिलं आणि वर एक्कावन्न रुपये ठेवले. साडूंनी चष्मा लावला. चिठ्ठी मनातल्या मनात वाचली. मग ती माझ्यापुढं धरली, मीही वाचली.

“हे तुमीच लिवलं ना?” साडूंनी विचारलं.

“हौ काका, हौ! वाचा ना!”

“जसं हाय तसं वाचू?”

“जसं आहे तसं! जल्दी!”

साडू उभे राहिले. बसून वाचण्यासारखी ती चिठ्ठी नव्हती. “कंपनीच्या प्रतिनिधींकडून एक्कावन्न रुपये आणि सूचना,” त्यांनी सुरुवात केली आणि आवाज जसा सोडायचा तसा सोडला. “नागपूरहून आलेल्या साहेबांना विनंती. कोणालाही काटा मैदान विचारा. काटा मैदान. सगळे सांगतील.” चिठ्ठी खाली ठेवून त्यांनी तिसऱ्यांदा, स्वतःच्या खर्चानं म्हटलं, “काटा मैदान.”

गाडी सात मिनिटांत आली. पुढं दोन मोटरसायकली रस्ता दाखवत होत्या, मागं पानठेलेवाला.

साहेब घाईघाईनं मंचावर आले. दोन दिवसांचा तंटा त्यांच्या डोक्यात असेल, तर तो चौक आणि विश्रामगृह यांच्या दरम्यान कुठंतरी सांडला होता. माईक हातात घेऊन ते म्हणाले, की काटा मैदानाच्या जनतेला ताटकळत ठेवल्याबद्दल ते क्षमा मागतात. प्रतिनिधीनं डोळे मिटले. साहेबांनी माईक परत दिला, आणि साडू जवळच असल्यामुळं तो त्यांच्याच हातात गेला. ॲनाउन्सर कोट घालून बाजूला उभा होता. त्याच्यासाठी कोणीतरी खुर्ची आणली. खुर्चीत बसलेल्या माणसाला उठवून माईक देणं अवघड असतं. सामना सुरू झाला.

साडूंनी त्या दिवशी जे वर्णन केलं, ते मी पूर्वी ऐकलं नव्हतं. उत्तरार्धात भंडाऱ्याच्या एका पोरानं चढाईवर आलेल्या गड्याचा घोटा असा धरला, की तो सुटलाच नाही. मंचावर एक चिठ्ठी आली. एक्कावन्न रुपये, सुंदर पकडीसाठी, नागपूरच्या ॲनाउन्सरकडून. साडूंनी त्याचं नाव वाचलं. गाव वाचलं. एकदाच.

सामने संपल्यावर कंपनीनं अहवाल मागवला: नाव किती वेळा घेतलं गेलं, करारभंग कोणाकडून झाला. मी प्रतिनिधीच्या चिठ्ठीची प्रत काढली, तिच्यावर ‘मूळ कागदाशी पडताळून पाहिली’ असं लिहून सही केली आणि पाठवून दिली. सोबत पत्र जोडलं नाही. रेकॉर्ड रूममध्ये शिकलेली ही दुसरी उपयोगी गोष्ट.

यंदा कंपनीनं करार पुन्हा केला. मसुदा या वेळी त्यांनीच पाठवला. सातवं कलम त्यात नाही. त्याजागी, माईक पूर्वीच्याच व्यक्तीकडं राहील, असं आहे. मी तो साडूंना वाचून दाखवला. त्यांनी अर्ध्यावर थांबवलं आणि गरम पाणी मागवलं. पहिल्या ओळीत मैदानाचं नवं नाव ठळक अक्षरांत आहे आणि पुढं कंसात, रस्ता सापडावा म्हणून, काटा मैदान.

काट्याच्या मालकानं या नावासाठी कधी कोणाला एक रुपया दिला नव्हता. त्याचा काटा दर क्विंटलमागं थोडं कमी दाखवायचा, म्हणून तो चाळीस गावांच्या लक्षात राहिला.