अंगठ्याची शाई

सकाळी पीठ मळताना अंगठ्यावर निळी शाई दिसली. कालचीच. घासली तरी नखाच्या कडंला राहिली.

माझा संपत पलटणीत गोळी लागून गेला. गोळी कशी लागली, त्या चौकशीचे साहेब घरी आले, माझं बोलणं लिहून नेलं. मी अंगठा दिला. वाचून दावलं न्हाई, मीबी इचारलं न्हाई. जल्मभर हा अंगठा न ऐकताच देत आले.

काल, ती चौकशी नीट झाली का बघायला वरनं एक बाई आल्या.

"आजी, आधी ऐका."

त्यांनी साहेबांचा कागद वाचला. माझ्या नावानं लिहिलेलं, 'पोरगा सुट्टीत उदास होता, जगायचं न्हाई म्हणायचा.'

"अवं बाई, मी असं कवा बोलले? जाताना त्यानं गोठ्यावर पत्रं घातलं. पुढच्या सुट्टीत भिंत बांधतो म्हणला."

"ही ओळ खोडत नाही," बाई म्हणाल्या. "आधी काय लिहिलं होतं, ते वरच्यांना दिसू दे."

खाली त्यांनी माझं बोलणं लिहिलं, दोनदा वाचलं. मग मी अंगठा दिला.

पोरगं काय परत येत न्हाई. पर त्या खोट्या वळीखाली आता त्याच्या गोठ्याचं पत्रं हायती.

शाई तशीच ठिवून भाकरी थापली.