पहिल्या रांगेतले मॅनेजर

नातवाच्या स्नेहसंमेलनात मिशा चिकटवायच्या डिंकाचा वास आला आणि ऐंशीच्या दशकातला, बहारीनमधल्या सित्राचा तेल कंपनीचा कामगार कॅम्प आठवला. आमचा ब्रिटिश फोरमन खाणकामगाराचा मुलगा. तरुणपणी त्याची दोन नाटकं लंडनमध्ये गाजली, पुढे कुणी विचारेना, म्हणून तो पोटासाठी तिकडे आला होता. त्याने आम्हा फिटरांना घेऊन मेसमध्ये इंग्रजी नाटक बसवलं, तेलाच्या टाकीत गुदमरून मेलेल्या कामगाराचं. त्याला टाकीत उतरवणाऱ्या मॅनेजरचं काम माझ्याकडे होतं. पडद्याआडून पाहिलं, तर आमचे खरे मॅनेजर पहिल्याच रांगेत बसलेले. आमचे पासपोर्ट त्यांच्याच ताब्यात. मी चिकटवलेली मिशी ओढून काढायला लागलो. "खलास, आता घरी पाठवतात," रत्नागिरीचा सोबती पुटपुटला. फोरमन म्हणाला, "घाबरलायस ना? तसाच बोल. नाटकातला मॅनेजरही घाबरलेलाच आहे." मी तसाच बोललो. मॅनेजर मध्येच उठून गेले. सकाळी त्यांनी फोरमनला केबिनमध्ये बोलावलं. आम्ही दाराबाहेर घाम पुसत उभे होतो. आतून त्याचा आवाज आला, "त्यांना इंग्रजी कळत नाही. मी घोकून घेतलं, ते त्यांनी म्हटलं." रोज त्याच्याशी इंग्रजीत वाद घालणारे आम्ही ऐकत राहिलो. त्याच आठवड्यात त्याला विमानात बसवलं. आमच्या नोकऱ्या टिकल्या. त्याची नाटकं आता कुठे होत नसतील, पण केबिनमधलं ते वाक्य मला अजून त्याच्याच आवाजात ऐकू येतं.