कलेक्टरची घोरपड

माझी आत्या घाटंजीजवळच्या आमच्या गावात अंगणवाडी चालवायची. कापसाने सगळ्यांना रडकुंडीला आणलं होतं, ती वर्षं. दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी साहेब जीप घेऊन यायचा, ग्रामपंचायतीपुढे सभा भरायची आणि माणसं भाव, बियाणं, वीज विचारायची. अशाच एका सभेत खुद्द कलेक्टर आले असताना आत्या उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, अंगणवाडीतल्या पोरायले खेळणे पाठवा."

सभा खो-खो हसली. "कापूस चालला मातीत अन् बाईले बाहुल्या पाह्यजे!" असं सरपंच म्हणाले. साहेबांनी मात्र मान हलवली, "पाठवतो."

आलं काहीच नाही. साहेबांची बदली झाली आणि आत्याचं नाव 'बाहुलीबाई' पडलं ते पडलंच. चारचौघांत ती हसून घ्यायची, पण घरी आल्यावर भाकरी जरा जोरातच थापायची. मला भयंकर राग यायचा. पोरं चिंचोके आणि रिकाम्या काड्यापेट्या घेऊन खेळत होती, त्यात हसण्यासारखं काय होतं?

मी तेव्हा यवतमाळला जाऊन-येऊन कम्प्युटरचा कोर्स करत होतो. पुण्यात कम्प्युटरच्या दुकानात कामाला असलेल्या मामाने माझ्यासाठी एका व्हिडिओ गेमचा खोका एसटीने पाठवला. कंडक्टरने तो गावच्या थांब्यावर उतरवला तेव्हा वरच्या कागदाच्या चिंध्या झालेल्या, पत्त्यातलं गावाचं नाव तेवढं उरलेलं. खाली काळा चकचकीत खोका आणि त्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरं. पानठेलेवाल्याने बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं आणि ओरडला, "कलेक्टर! अबे, कलेक्टरचं पार्सल हाय हे!" जीपवरच्या पाटीमुळे एवढा एक इंग्रजी शब्द त्या वर्षांत आमच्याकडे सगळ्यांनाच ओळखता यायचा. पुढचा शब्द होता 'एडिशन'. त्याचाही उलगडा लगेच झाला. "म्हंजे ॲडिशनल. ॲडिशनल कलेक्टरनं पाठवलं."

मी सायकल दामटत पोहोचेपर्यंत खोका वाजतगाजत अंगणवाडीत गेला होता. 'कलेक्टर्स एडिशन' म्हणजे हौशी लोकांनी जपून ठेवावी म्हणून काढलेली खास आवृत्ती, हे सांगायला मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात आत्याचा चेहरा दिसला. लग्नातल्या वरमाईसारखी ती खोका पुढ्यात घेऊन बसली होती, आणि सरपंच मान लांब करून आत काय आहे ते बघत होते. मी मुकाट्याने तोंड मिटलं.

आतून निघाला पंख पसरलेला ड्रॅगन. "उडती घोरपड!" पोरं किंचाळली. मग चित्रांचं जाडजूड पुस्तक, आणि गेममधल्या कुठल्याशा देशाचा कापडावर छापलेला नकाशा. तो आत्याने महाराष्ट्राच्या नकाशाशेजारी टांगला. यात आपलं गाव कुठं, म्हणून पोरांनी पिच्छा पुरवला, तेव्हा तिने कपाळाची टिकली काढून एका नदीकाठी चिकटवली. शेवटी राहिली गेमची सीडी. ती तिने उलटसुलट करून पाहिली आणि मलाच दिली. "तू कम्प्युटर शिकून राह्यला ना, घे तुले. पोरायच्या काय कामाची?"

माझाच गेम मला बक्षीस मिळाला. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

पुढच्या वर्षी नवे कलेक्टर दौऱ्यावर येणार असं कळलं. साहेबांना अंगणवाडी दाखवायची, चारचौघांत आभार मानायचे, असं सरपंचांनी ठरवूनच टाकलं होतं. 'हे आमचं नाही' एवढं साहेब बोलले की संपलं. 'बाहुलीबाई' हे नाव गाव आत्ता कुठं विसरायला लागलं होतं.

साहेबांनी घोरपड हातात घेतली. "तुमच्याच हापिसातून आली साहेब," सरपंच म्हणाले. साहेबांनी खोक्याचं झाकण वाचलं, मग भिंतीवरचा नकाशा पाहिला, त्यावरची टिकली पाहिली. मी मनातल्या मनात हात जोडले.

"हो," ते गालातल्या गालात हसत म्हणाले, "कलेक्टर एडिशन. म्हणजे आमचंच."

मला तर त्यांना मिठी मारावीशी वाटली. आत्या मात्र पदर खोचून पुढे झाली. "मंग साहेब, घोरपड एकच काहून पाठवली? पोरं रोज भांडतेत तिच्यापायी. बाकीचं कधी येते?"

यावेळी कुणीही हसलं नाही. उलट सरपंचच म्हणाले, "बाई बरोबर बोलते, साहेब."

दिवाळीच्या आधी जीपमधून पुठ्ठ्याचा मोठा खोका आला. चेंडू, लाकडी ठोकळे, डफली, आणि हो, बाहुल्यासुद्धा. पण त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. पानठेलेवाल्याने तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि मान हलवली. "हे कलेक्टरचं नसन, बाई. नाव कुठी हाय?"

आत्याने पोरांच्या डब्यातला स्केचपेन घेतला आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहिलं: कलेक्टर एडिशन.