चिमूटभर मीठ आणि क्वासार

समस्त विद्वज्जनांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, क्वासार या विश्वातल्या महातेजस्वी वस्तूंची कीर्ती नेवासा तालुक्यात पोहोचली ती कुठल्याही वेधशाळेमार्फत नव्हे, तर रॉकेलच्या स्टोव्हमार्फत. सदर प्रसंगी प्रस्तुत लेखक जातीने हजर होता आणि त्याच्या पँटला पोह्यातली मोहरी चिकटलेली होती.

सत्तरीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी नगरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो आणि उरलेल्या वेळात क्वासारवर संशोधन करायचो. म्हणजे काय, तर परदेशी दुर्बिणींनी टिपलेल्या वर्णपटांच्या छापील प्रती भिंगाखाली धरायच्या आणि त्यातल्या उजळ रेषा आपापल्या जागेवरून किती सरकल्यात ते मोजायचं. या उद्योगापायी दोन स्थळं हातची गेली होती. "पोरगं कायम आभाळात असतंय," असा बोभाटा झालेला. म्हणून या खेपेला मिरजगावहून चुलते खास आले आणि नेवाशाकडे मुलगी बघायला जाताना एसटीतच त्यांनी दम भरला, "आज ताऱ्याचं नाव काढून तर बघ! गप पोहं खायाचं."

मी गप पोहे खाल्ले. मुलगी समोर येऊन बसली. माझ्या पँटवरची मोहरी तिला दिसली असावी, कारण हसू दाबताना तिची हनुवटी थरथरत होती. बस्स, मला हीच हवी होती!

तिचे वडील, उसाचे बागायतदार, मात्र खुशीत नव्हते. "पाव्हणं, तुमी चांदन्या मोजता म्हनं. उद्या उठून अमेरिकेला गेला, मंग आमच्या पोरीनं काय करायचं?"

"छ्या, सोडलं हो त्यानं ते!" चुलते घाईघाईने म्हणाले.

तेवढ्यात मुलगीच बोलली. "पन इतक्या लांबच्या उजेडात काय हाय, ते कळतं कसं?"

चुलत्यांनी माझा पाय दाबला. पण हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता, आणि खिशात तर बोटाएवढी पितळी वर्णपटदर्शक नळी! "स्टोव्ह आणता का?" मी म्हणालो, "आणि चिमूटभर मीठ."

दारं-खिडक्या लावल्या. मुलीने पंप मारला, निळी ज्योत भरभरू लागली. तिने मीठ टाकलं, ते तडतडलं आणि ज्योत पिवळीधमक झाली. त्या उजेडात तिच्या कपाळावरचं लाल कुंकू काळं दिसायला लागलं. "आयला!" चुलत्यांच्या तोंडून निसटलं.

मी नळी तिच्या वडिलांच्या हातात दिली. "पिवळी रेघ दिसते?"

"व्हय. अंधारात उभी हाय."

"ती मिठाची खूण. मीठ कुठंही पेटवा, रेघ त्याच जागी. तुमच्या विहिरीच्या पाण्यात हायड्रोजन असतो, त्याच्याही अशाच ठरलेल्या रेघा. क्वासारच्या उजेडात त्याच सापडतात, त्याच क्रमाने, फक्त सगळ्याच्या सगळ्या तांबड्या रंगाकडे सरकलेल्या. ट्रक लांब जाताना हॉर्नचा आवाज उतरतो ना, तसं."

"म्हंजी, पळतंय ते?"

"भयानक वेगाने, आपल्यापासून लांब. काही क्वासारांचा उजेड तिथून निघाला तेव्हा प्रवरा नदी नव्हती. ही जमीनसुद्धा नव्हती."

भिंगाखाली मी नुसते आकडे मोजत आलो होतो. पण विश्वाच्या त्या टोकाला जळणारं आणि इथल्या रहाटाच्या बादलीतून वर येणारं एकच आहे, हे मला खरोखर कळलं ते त्या रॉकेलच्या वासात.

वडील नळी सोडेनात. चुलते खाकरले, "मंग, काय ठरवायचं म्हनता?"

मुलगी खाली बघत होती. ज्योत हळूहळू पुन्हा निळी होऊ लागली. आणि नळीला डोळा तसाच लावून तो माणूस माझ्यावर ओरडला,

"अहो जावईबापू, रेघ इझायला लागली, टाका की आनखी मीठ!"